वर्ध्याची छत्री, मुठीवरची खूण

मे महिन्यात वर्ध्याला कशाला जातेस, असं मला घरच्यांनी विचारलं, शेजारणीनं विचारलं आणि चिपळूण स्टेशनवर सोडायला आलेल्या रिक्षावाल्यानंही विचारलं. शहाणी माणसं मे महिन्यात थंड हवेला जातात. मी एक मोडकी छत्री काखेत मारून विदर्भात निघाले होते. नागपुरात भाच्याचं लग्न होतं, ते निमित्त झालं. पण लग्नाला गेलेली बाई जेवून आणि आहेर घेऊन परत येते. मी दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ध्याच्या गाडीत बसले, तेव्हा भाच्याच्या सासरच्यांनीही एकमेकांकडे पाहिलं.

छत्री माझ्या सासऱ्यांची. ते तरुणपणी रेल्वेत होते आणि काही वर्षं वर्धा जंक्शनला काढली होती. लाकडी वळलेली मूठ, दांड्यावर पितळी कडं आणि त्या कड्यावर झिजून उरलेलं ‘वर्धा’ एवढंच नाव. सासरे गेले, मग माझे यजमान गेले, छत्री राहिली. गेल्या पावसाळ्यात तिच्या दोन काड्या मोडल्या. आमच्याकडचे छत्री दुरुस्त करणारे म्हणाले, “वहिनी, टाकून द्या आता.” टाकून द्या म्हणणाऱ्या माणसांशी माझं पहिल्यापासून जमत नाही. म्हटलं, जिथली आहे तिथे नेऊन बघू. दुकान आहे की नाही, याचीही चौकशी केली नव्हती.

वर्धा

स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि भट्टीचं दार कोणीतरी तोंडावर उघडावं तसं झालं. रिक्षावाल्यानं डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यात गुंडाळलं होतं. त्यानं मला आधी खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मग विचारलं, “कांदा हाय काय पर्समधी?” मला वाटलं थट्टा करतो आहे. त्यानं स्वतःच्या खिशातले दोन कांदे काढून दाखवले. उन्हाची लू लागू नये म्हणून इथे लोक कांदा बाळगतात. त्यातला एक मला देऊन तो म्हणाला, “ठेवून घ्या. छत्री हाय अन् उघडून नाई राह्यल्या, कमाल हाय बाई तुमची.”

खरंच होतं. रस्त्यावर जो चालत होता, त्याच्या डोक्यावर काळी छत्री होती. आमच्याकडे छत्री पावसाची. मे महिन्यात कोणी उघडली तर गोरं राहायची हौस म्हणून पोरं हसतील. इथे धोतर नेसलेले म्हातारेही भर उन्हात छत्री धरून ताठ चालले होते. मी माझी उघडायला गेले, तर दोन मोडक्या काड्यांमुळे ती एका बाजूनं पडकी उघडली. रिक्षावाला हसला आणि त्यानंच मला दुकानापर्यंत नेलं.

कापूस बाजाराच्या जवळच्या एका गल्लीत ते होतं. अरुंद, आत लांबच लांब गेलेलं, दाराला अजून लाकडी फळ्या. वर जुनी लाकडी पाटी, आणि पाटीच्या मधोमध अंडाकृती जागा चुन्यानं लिंपून टाकलेली. तिथे पूर्वी विलायतेच्या राणीचं तोंड होतं, हे मला नंतर कळलं. दाराशी एक पत्र्याचं पिंप, त्यात उभ्या ठेवलेल्या नाना जातीच्या छत्र्या. गादीवर एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ बसले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांना सगळे बन्सीकाका म्हणतात.

त्यांनी माझी छत्री घेतली. कापडाकडे पाहिलं नाही, मोडक्या काड्यांकडेही नाही. मूठ खिडकीकडे नेऊन फिरवली.

“ही आमचीच होये,” ते म्हणाले. “रेल्वेतले होते काय तुमच्या घरचे कोणी?”

मी चकित झाले. मुठीच्या आतल्या बाजूला एक काळा डाग होता. इतकी वर्षं मी तो उंदरानं कुरतडलेला समजत होते. काकांनी भिंग दिलं. तो डाग म्हणजे एक छोटासा कंदील होता, तापलेल्या तारेनं लाकडात उमटवलेला.

या दुकानाची ती रीतच होती. छत्री घेतली की गिऱ्हाईक आपली खूण सांगायचं आणि दुकानदार ती मुठीवर डागून द्यायचा. लिहिता-वाचता न येणारी माणसं. कोणी मासा सांगायचं, कोणी तिफण, कोणी विंचू. एकदा दिलेली खूण दुसऱ्याला द्यायची नाही. एसटीत, बाजारात, जत्रेत विसरलेली छत्री मग फिरून दुकानात यायची, आणि काका मूठ बघून सांगायचे की ही अमक्या गावच्या अमक्याची. दाराशी जे पिंप होतं, ते अशा हरवलेल्या छत्र्यांचं. कंडक्टर अजूनही येता-जाता त्यात छत्र्या टाकून जातात.

“अन् हे सगळं तुमच्या लक्षात राहतं?” मी विचारलं.

“राह्यते,” ते म्हणाले, आणि का कोण जाणे, भिंग माझ्या हातून घेऊन खणात टाकलं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्यांनी मला दुकानाचा इतिहास सांगितला. मी नको म्हटलं तरी तर्री-पोहे मागवले. ती तर्री इतकी जहाल होती की निम्मा इतिहास मी डोळे पुसत ऐकला. त्यांचे खापरपणजोबा राणीच्या राज्यात, रेल्वेच्या मागोमाग, कानपूरकडून इथे आले. तेव्हा कापूस घेणारे गोरे साहेब वर्ध्यात उतरत आणि त्यांना ऊन सोसत नसे. काड्या विलायतेहून बोटीनं मुंबईला आणि तिथून लाकडी खोक्यांतून रेल्वेनं यायच्या. कापडही तिकडचंच.

“कापूस आमच्या वावरातला,” काका म्हणाले. “थो जायचा समुंदरापार, अन् काळं कापड होऊन आमच्याच डोक्यावर यायचा.”

साहेबांनंतर मालगुजारांनी, म्हणजे इकडच्या जमीनदारांनी, छत्र्या घेतल्या. मग मात्र पंचाईत झाली. मालगुजाराच्या घरासमोरून इतरांनी उघडी छत्री घेऊन जायचं नाही, असा तेव्हा दंडक. खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींनी तर छत्री धरायचीच नाही. मी विचारलं, मग तुम्ही त्यांना विकत होता की नाही? मला वाटलं, आता आजोबा-पणजोबांच्या थोरवीची गोष्ट येणार.

“विकत होतो. मागच्या दारानं,” ते म्हणाले. “दाम पुढच्या दाराएवढाच.”

परदेशी मालाची होळी झाली तेव्हा त्यांच्या आजोबांनी स्वतःच छत्र्यांचं कापड टराटरा फाडून आगीत टाकलं. काड्या मात्र राखल्या. त्यांवर खादी शिवली. पहिल्याच पावसात सगळं गिऱ्हाईक डोकं निथळत दुकानात परत आलं. आजोबांनी खादीला मेण चोळून पाहिलं, तर उन्हाळ्यात ते वितळून लोकांच्या टोप्यांवर गळू लागलं. हे सांगताना काका पहिल्यांदा मोकळं हसले.

आता दुकानात घडीच्या, रंगीबेरंगी, बाहेरून आलेल्या छत्र्या झुंबरासारख्या टांगलेल्या होत्या. त्यांच्या प्लॅस्टिकच्या मुठींवर काही डागता येत नाही. मुलगा पुण्याला असतो. जागेला मोबाइलवाल्याचं गिऱ्हाईक लागलं आहे.

“एक काम राह्यलं हाय,” काका म्हणाले. “थे झालं का फळ्या लावून टाकतो.”

नामदेवची मूठ

दुसऱ्या दिवशी मी छत्री न्यायला गेले, तर तिला हातही लागलेला नव्हता. काका गादीवर नव्हते. आत एका पेटीसमोर बसले होते, आणि पेटीत जुन्या मुठी होत्या. छत्री संपली तरी चांगली मूठ टाकत नाहीत. काढून ठेवतात आणि गरिबाच्या छत्रीला बसवून देतात. मात्र बसवण्याआधी तिच्यावरची जुनी खूण रंध्यानं साफ तासून टाकायची, हा या घराचा नेम.

“मी एक डाव तासली नाई,” काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. वणा नदीच्या काठच्या एका गावात नामदेव म्हणून शेतकरी होता. त्याची खूण दोन शिंगं आणि मध्ये टिंब. मुठीला बुडाशी तडा गेला म्हणून तो दुकानात आला. काकांनी नवी मूठ बसवली, तिच्यावरही शिंगं-टिंब डागलं. तडकलेली जुनी मूठ दुकानात राहिली. त्याच आठवड्यात गिरडच्या पलीकडच्या एका गोंड वस्तीतला झिंगरू आला. त्याच्या छत्रीला मूठच नव्हती. पावसाळ्याची गर्दी होती. काकांनी नामदेवच्या मुठीचा तडकलेला तुकडा कापला, उरलेली झिंगरूच्या छत्रीला बसवून दिली आणि खूण नंतर तासू म्हणून राहून गेली. झिंगरूनं तिला दोरी बांधून छत्री पाठीला अडकवली, जशी इकडे गुराखी आणि शेतमजूर हात मोकळे राहावेत म्हणून अडकवतात.

पुढे मोठा पूर आला. बाजाराच्या दिवशी रपट्यावरून, म्हणजे नदीवरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी गेलं आणि बरीच माणसं अडकली. नामदेव बाजारातून घरी पोचला नाही. पुष्कळ दिवसांनी खाली एका बाभळीत अडकलेलं प्रेत सापडलं. तोंड ओळखण्यासारखं नव्हतं, कपडेही उरले नव्हते. पाठीला दोरीनं बांधलेली छत्री तेवढी होती. मुठीवर खूण आहे म्हटल्यावर बन्सीकाकांना पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं.

“मी फकस्त खूण पाह्यली,” ते म्हणाले. “म्हणलं, नामदेवची होये. माह्या शब्दावर त्याच्या पोरानं अग्नी देल्ला. तेरवी झाली, पोरानं डोसकं भादरलं. अन् दिवाळी झाल्यावर झिंगरूची बायको दुकानात आली. म्हणे, बाबूजी, माहा माणूस पुराच्या दिसापासून घरी नाई. तुमी मूठ लावून देल्ली थे छत्री घेऊन गेलता. कुठी सापडली काय?”

“मग?”

“तवा माह्या ध्यानात आलं. मूठ आखूड होती, ताई. तडा कापलेली. माह्या हातानं कापलेली, अन् मले दिसली नाई.”

त्यांनी तिला काहीच सांगितलं नव्हतं. त्यानंतर चार पावसाळे गेले. आता दुकान बंद करण्याआधी तिला सांगायचं होतं, आणि एकट्यानं जायची छाती होत नव्हती. मुलगा म्हणतो, कशाला जुनी मढी उकरता. ओळखीच्या कोणाला नेलं तर गावभर होणार. “तुमी बाईमाणूस हाव, परक्या गावच्या हाव. दोन दिवसांनी निघून जान. चालता काय संगं?”

मला त्यांचा संताप आला. तो मी लपवला नाही. एवढे दिवस तुम्ही जेवलात कसे, असंही बोलून गेले. त्यांनी मान खाली घातली. मग मी येते म्हणाले, कारण नाही म्हटलं असतं तर त्यांनी आणखी एक पावसाळा ढकलला असता, हे मला स्पष्ट दिसत होतं.

गिरडच्या वाटेवर

सकाळच्या एसटीनं निघालो. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, भेगा पडलेली, एकही हिरवं पान नाही. आमच्या कोकणातल्या माणसाला इतकी मोकळी जमीन बघून कसंतरीच होतं. समुद्रपूरच्या पुढे टायर फुटला. आजूबाजूला झाड म्हणून एक पळस, त्याच्या सावलीत म्हशी आधीच बसलेल्या. सगळे प्रवासी रस्त्याच्या कडेला छत्र्या उघडून बसले. माझ्याकडचं पाणी संपलं होतं. शेजारच्या बाईनं न मागता बाटली पुढे केली आणि कुठल्या, कोणाकडे, किती मुलं, हे सगळं काढून घेतलं. कोणाकडे चाललात, यावर मी आणि काकांनी एकाच वेळी दोन वेगळी उत्तरं दिली.

गिरडला उतरल्यावर काका आधी टेकडीवरच्या दर्ग्याकडे वळले. इथे हिंदू-मुसलमान सगळेच येतात. तिथे सुपारीएवढे गोल दगड सापडतात. त्याची गोष्ट अशी सांगतात की एक व्यापारी बैलांवर गोण्या लादून चालला होता. फकिरानं विचारलं, गोणीत काय आहे? व्यापारी खोटं बोलला. पुढे जाऊन गोण्या सोडल्या, तर मालाचे दगड झालेले. पायऱ्यांवर एका मुलीनं आम्हांला ते दगड विकत घ्या म्हटलं. मी एक घेतला. काकांनी हातही लावला नाही.

मैनाबाई

झिंगरूच्या बायकोचं नाव मैनाबाई. गावाचं नाव मी लिहीत नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. सारवलेल्या अंगणात बिडीच्या पानांचे ढीग पडले होते आणि ती मांडी घालून पानांचे पुडे बांधत होती. चाळिशी उलटलेली, हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू. एका कोपऱ्यात तिची म्हातारी सासू बसलेली. दोघी आपसात गोंडी बोलत होत्या.

काकांना पाहून ती लगबगीनं उठली. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो मला बघवला नाही.

“छत्रीवाले बाबूजी! सापडली काय छत्री? कोणी आणून देल्ली?”

तिनं खाट टाकली, माठातलं पाणी दिलं. काका तांब्या हातात धरून बसले. मला वाटलं, आता हे मलाच बोलायला लावणार. पण ते बोलले. मूठ, पूर, बाभूळ, ठाण्यातलं बोलावणं, सगळं. स्वतःला सोडवणारा एक शब्दही त्यांनी मध्ये घातला नाही. ते ऐकताना मैनाबाईनं हातातला अर्धा राहिलेला पुडा बांधून पुरा केला आणि बाजूला ठेवला. मग सासूला गोंडीत काही सांगितलं. म्हातारीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि अगदी बारीक आवाजात सूर लावला. तो आम्ही निघेपर्यंत थांबला नाही.

“मी आलती तुमच्या दुकानात,” मैनाबाई म्हणाली. “तुमी मले चहा पाजला.”

“हो.”

“तवा ठाऊक होतं?”

“तवाच ध्यानात आलं होतं.”

“अन् चहा पाजला,” ती म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळून सांगू लागली. लोक म्हणत होते, झिंगरू मिरची तोडायला तेलंगणात गेला आणि तिकडेच दुसरी बाई केली. भांडून गेला होता काय, असंही विचारायचे. तिची मुलगी लग्नाची झाली, सोयरीक जुळत आली आणि पळपुट्याची पोरगी म्हणून मोडली. इतके दिवस ती त्याच्या वाटणीची भाकर झाकून ठेवायची आणि सकाळी कुत्र्याला टाकायची. मनातल्या मनात त्याला शिव्याही द्यायची. “मेलेल्या माणसाले शिव्या देल्ल्या मी,” ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे रडली.

मग तिनं विचारलं, “जाळलं काय त्याले?”

“हो.”

“आमच्यात मातीत देतेत. पुरखांत, वाडवडलांत मिळवा लागते.” तिनं पुन्हा सासूला विचारलं. म्हातारीनं सूर न थांबवता दोन-चार शब्द सांगितले. “सासू म्हणते, त्यानं शेवटाले अंगावर वागवलेलं काई पायजे. थे मातीत देता येईन. छत्री कुठी हाय?”

छत्री नामदेवच्या घरी होती.

काका तिथल्या तिथे म्हणाले की मी आणून देतो. काहीतरी निमित्त सांगतो, दुकानाला पाहिजे म्हणतो. त्या घरच्यांना काही कळायला नको. खरं सांगते, मलाही ते पटलं. त्या दुसऱ्या बाईच्या घरी अग्नी दिला गेला, तेरवी झाली, ती रडून मोकळी झाली. तिचं ते कशाला हिसकावून घ्यायचं? मी तसं म्हणालेही.

मैनाबाईनं माझ्याकडे नीट पाहिलं. “पुन्यांदा खोटंच?” ती म्हणाली. “माह्या माणसाले मी चोरून आणू काय, ताई? अन् तिनं आपलं समजून परक्याले किती दिस हार घालाव?”

तिनं घरात जाऊन लुगडं बदललं आणि आमच्या आधी रस्त्याला लागली.

नदीकाठचं घर

नामदेवची बायको शांताबाई. उन्हं कलायला लागली होती तेव्हा आम्ही पोचलो. मुलगा बाजारगावी गेला होता. तिनं काकांना ओळखलं, पाया पडली. उन्हाचे आलात म्हणून कैरीचं पन्हं केलं, त्यात गूळ जास्त घातला. तिचं कपाळ मोकळं, हातात काही नाही. भिंतीवर नामदेवचा फोटो, त्याला चंदनाच्या चकत्यांचा हार, आणि फोटोखाली खिळ्याला ती छत्री. मैनाबाई बसली नाही. दारातच उभी राहून ती त्या खिळ्याकडे बघत होती.

शांताबाईनं दोनदा विचारलं, “ह्या कोण? बसत काऊन नाई?”

काकांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ऐकता ऐकता शांताबाई हसली. “काय बोलून राह्यले काका? म्या सोता राख भरली.” मग तिनं छत्री खाली काढली. काकांनी कापलेलं बूड दाखवलं. तिनं त्यावरून बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा.

“मले तवाच आखूड वाटली होती,” ती हळूच म्हणाली. “म्या म्हणलं, पाण्यानं झिजली असन.”

बाहेर गोठ्यात गाय पाय आपटत होती. शांताबाईनं पदरानं छत्रीवरची धूळ पुसली, उठली आणि दोन्ही हातांनी ती मैनाबाईला दिली. मैनाबाईनं घेतली.

आम्ही निघालो तेव्हा शांताबाईनं काकांना अडवलं.

“मंग माहा कुठी हाय?”

काकांनी हात जोडले.

“हात नका जोडू. तुमी सांगतलं मेला, म्या कुंकू पुसलं. आता तुमीच सांगून राह्यले थो हा नव्हे. मंग मी कुंकू लावू का नको? थे सांगून जा.”

हे बोलताना ती माझ्या कपाळाकडे बघत होती. मी विधवा आहे आणि टिकली लावते. यजमान गेल्यावर मी कोणाला विचारायला गेले नाही, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. त्या दारात तो पार गळून गेला. माझा माणूस माझ्या डोळ्यांसमोर गेला, म्हणून काय लावायचं आणि काय पुसायचं ते मला ठरवता आलं. तिला आम्ही तेवढंही ठेवलं नव्हतं.

परतीच्या एसटीत मैनाबाईनं छत्री मांडीवर आडवी धरली होती. खिडकीतून ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं. तिच्या फाट्यावर ती उतरली. काकांशी ती बोलली नाही. मला मात्र म्हणाली, “येजो, ताई.” उतरत्या पण तापत्या उन्हात ती छत्री दोन्ही हातांनी छातीशी धरून गेली, उघडली नाही.

चिपळूण

माझी छत्री काकांनी दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून दिली. काड्या नव्या, कापड नवं, मूठ तीच. कंदिलाची खूण त्यांनी तशीच ठेवली. निरोप घेताना म्हणाले, आता मुलाला बोलावून घेतो आणि फळ्या लावतो. गिरडचा दगड माझ्या पर्समध्ये राहिला होता, रिक्षावाल्याच्या सुकलेल्या कांद्यापाशी. लोकांना मी लग्नाच्या पंगतीचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, तर्रीचं सांगितलं.

इकडे श्रावणात पाऊस झोडपत होता, तेव्हा छत्रीची एक काडी सैल झाली. ते निमित्त करून मी काकांना फोन लावला. वाटलं, नंबर बंदच लागेल. पण त्यांनी उचलला, आणि मागे गल्लीतली वर्दळ ऐकू आली.

“दुकान सुरूच आहे?” मी विचारलं.

“हो जी. मोबाइलवाल्याले नाई म्हणून देल्लं.” मग म्हणाले, “मैनाबाईनं केलं थे. छत्री मातीत देल्ली. पोरीची सोयरीक जुळून राह्यली म्हणते.”

“आणि शांताबाई?”

“थे येते. दर बाजाराले येते, ताई. नामदेव नव्या मुठीची छत्री घेऊन गेलता ना. थे पिंपापाशी बसते. कंडक्टरनं टाकलेल्या छत्र्या एकेक करून काढते, मुठी फिरवून पाह्यते, अन् पुन्हा ठेवते. मी कुंकवाचं विचारत नाई. पाह्यतही नाई तिच्या कपाळाकडं.”

तेवढ्यात फोनमध्ये पलीकडून एका बाईचा आवाज आला, दारातून आल्यासारखा.

“काका, आजच्या गाडीच्या आल्या काय?”

“ठेवतो जी,” बन्सीकाका मला म्हणाले. “थे आली.”